उजवीकडचं पेडल

शांतसर हे नाव त्यांना आईबापांनी दिलं नव्हतं, मेहुणीने दिलं होतं. बावीस वर्षं शिकाऊंच्या शेजारी बसून हा माणूस एकदाही ओरडला नाही, एवढ्या भांडवलावर धाकटीने त्यांचं पेज काढलं. धाकटी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. घरात तिला दुसरं नाव उरलंच नव्हतं. तिने ड्रायव्हिंग स्कूलच्या लिंबासारख्या पिवळ्या गाडीच्या दोन्ही दारांवर सरांचा हसरा चेहरा चिकटवला आणि खाली ओळ टाकली : ‘बावीस वर्षं. एकही ओरखडा नाही.’

“भाऊजी, तुम्ही आता माणूस राहिला नाहीत,” ती म्हणाली होती. “ब्रँड झालात. माणसाला राग येतो, सर्दी होते. ब्रँडला नाही. रस्त्यात नाक शिंकरायचं तरी आधी इकडेतिकडे बघायचं.”

सरांना ते आवडलं. कुणाला आवडणार नाही? फळवाला त्यांना ‘शांतपणे घ्या सर’ म्हणत दोन मऊ पडलेली फळं जास्त घालू लागला, आणि तेवढ्यावरही सर खूश होते.

या शांतपणाचा हिशेब मात्र कुणी नीट मांडला नव्हता. शिकाऊ गाडीत डाव्या सीटच्या पायाशी सरांसाठी वेगळी दोन पेडलं बसवलेली असतात. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. ॲक्सिलरेटर नाही. म्हणजे शिकाऊ घामाघूम होऊन स्टिअरिंगला लोंबकळतोय आणि शेजारी सर उजवा पाय ब्रेकवर ठेवून “शांतपणे, शांतपणे” म्हणतायत. ब्रेक आपल्या पायाखाली असला की शांत राहायला जातं काय?

आणि खरं सांगायचं तर पेज वाढलं ते शांतपणावर नाहीच, शिकाऊंच्या फजितीवर. गाडीतल्या कॅमेऱ्याला दोन डोळे होते, एक रस्त्याकडे, एक सीटकडे. गाडी घराशी आली की दिवसभराचं चित्रण वायफायवरून आपोआप धाकटीच्या फोनमध्ये उतरायचं. त्यातला एक तुकडा निवडून ती दर आठवड्याला टाकायची : ‘या आठवड्याची चूक’. कोपऱ्यात आडवं लोळून हसणारं पिवळं तोंड, चूक झाली की ‘टुंग’ असा आवाज आणि शेवटी सरांचं “शांतपणे.” शिकाऊचा चेहरा ती पुसट करायची. आवाज कुठे पुसट होतो?

औषधांच्या दुकानातल्या बाईंचा तर नाहीच होत. निम्म्या भागाला त्याच गोळ्या देत. इंडिकेटर द्यायला गेल्या आणि वायपर चालू झाला, तो बंद करायला गेल्या तर जोरात चालू झाला, आणि त्या गडबडीत गाडी हळूच जाऊन कचऱ्याच्या डब्याला टेकली. डबा आडवा. बाई डब्याला म्हणाल्या, “सॉरी हं.” सरांनी ब्रेक दाबायला हवा होता त्याहून अंमळ उशिरा दाबला, असं वाईट मनाचा माणूस म्हणेल. पण त्या एका तुकड्याने पेज कुठल्या कुठे गेलं. बाईंची वायपरबाई झाली. गिऱ्हाइकं काउंटरसमोर उभं राहून वायपरसारखा हात हलवू लागली.

बाई एकदा सरांकडे आल्या. “सर, तेवढं काढून टाका ना.”

“ते सगळं धाकटी बघते हो,” सर म्हणाले. शांतपणे.

त्यानंतर बाई शिकायला आल्या नाहीत. कुठेतरी मोकळ्या मैदानावर भावाकडून शिकल्या, परवाना काढला, एक जुनी राखाडी गाडी घेतली, असं सरांच्या कानावर आलं होतं. कानावर आलं आणि गेलं.

तर त्या दुपारी शिकाऊ आला नाही आणि सरांवर स्वतः गाडी चालवायची वेळ आली. तसे ते क्वचितच चालवत. शिकाऊच त्यांना शहरभर फिरवत; फळं आणायचा रस्ता हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग होता. पण धाकटीने नवी कार्डं छापायला टाकली होती, ती छापखान्यातून आणायची होती. सरांनी कार्डांचा खोका डाव्या सीटवर, म्हणजे स्वतःच्या जागेवर ठेवला आणि दुकानांच्या मागच्या पार्किंगमधून गाडी हळूहळू बाहेर काढू लागले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

वाऱ्याने एक रिकामं खोकं उडत समोर आलं.

सरांचा उजवा पाय उजवीकडच्या पेडलवर गेला. बावीस वर्षं जात होता तसाच, डोक्याला न विचारता. फरक एवढाच की या सीटवर उजवीकडे ब्रेक नसतो.

गाडीने उडी मारली. सरांनी पेडल आणखी दाबलं, कारण गाडी थांबत नसली की ब्रेक आणखी दाबायचा असतो, हे त्यांनीच शेकडो लोकांना शिकवलं होतं. खोकं चाकाखाली गेलं आणि पुढचा जाड लोखंडी गार्ड एका उभ्या राखाडी गाडीच्या पाठीत घुसला. काच फुटल्याचा आवाज झाला.

“कोणी सांगितलं होतं दाबायला?” सर उजवीकडे वळून ओरडले. “अक्कल आहे का?”

उजवीकडे शिकाऊ नव्हता. खिडकीची काच होती आणि काचेत त्यांचाच चेहरा, तोंड उघडं.

ते उतरले. त्यांच्या गाडीला म्हणाल तर काहीच झालं नव्हतं, गार्डचा थोडा पिवळा रंग गेला होता. तो त्या गाडीवर गेला होता. मागचा दिवा फुटलेला, पत्रा आत. सरांनी सीटवरच्या खोक्यातून एक कोरं करकरीत कार्ड काढलं. मागे फोन नंबर लिहून वायपरखाली सरकवायचं, इतकी साधी गोष्ट. कार्ड उलटं केलं तर त्यावरून तेच हसत होते : ‘बावीस वर्षं. एकही ओरखडा नाही.’

ते कार्ड फुटलेल्या दिव्याशेजारी कसं ठेवायचं? त्यांनी ते खिशात घातलं आणि गाडीत बसले. या वेळी पाय कुठे ठेवायचा ते तीनदा खाली वाकून बघितलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. “भाऊजी, सोनं चालून आलंय. भागातल्या ग्रुपवर बघितलंत? कुणीतरी वायपरबाईची गाडी ठोकून पळालंय.”

राखाडी गाडी. तीच.

“ऐकताय ना? लोक तुमचं मत विचारत होते. मी तुमच्या नावाने टाकून दिलं.” तिने वाचून दाखवलं : “‘ठोकून पळणाऱ्याला मी चालक म्हणत नाही. ज्याच्यात थांबायची हिंमत नाही, त्याने स्टिअरिंगला हात लावू नये.’ कसं आहे?”

“जरा कडक नाही का?”

“कडकच चालतं. आता बघा लाइक कसे धो धो येतायत.”

सरांनी बघितलं. फोटोत पत्र्याचा खड्डा होता आणि खड्ड्यात पिवळा रंग, इतका पिवळा की त्यांना वाटलं फोन कुणी शेजारून पाहिला तरी ओळखेल. मग खालचं वाचत गेले आणि त्यांना आधी हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याचीच भीती वाटली. पिवळ्या रंगाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ‘बाईंनी स्वतःच ठोकली असणार, घरी काय सांगायचं म्हणून हे नाटक.’ ‘कचऱ्याच्या डब्याने सूड घेतला.’ कुणीतरी जुना तुकडा पुन्हा वर काढला होता, ‘सॉरी हं’सकट. बाईंनी एकच ओळ लिहिली होती : ‘गाडी उभी होती. मी दुकानात होते.’ त्याखाली हसणारी पिवळी तोंडं ओळीने लोळत होती.

त्या दुपारपासूनच सर गाडी घरापासून दोन गल्ल्या लांब उभी करू लागले. वायफाय तिथवर पोचत नव्हतं. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून टाकता आलं असतं. पण मागे एकदा कॅमेरा पुसताना ते नुसतं हललं, तर ‘कार्ड निघालं’ असा निरोप धाकटीच्या फोनवर गेला होता आणि ती मिनिटात फोनवर हजर होती. चित्रण पुसायचा पासवर्डही तिच्याकडेच. आपल्याच गाडीत आपल्याविरुद्धचा साक्षीदार काचेला चिकटून बसलाय आणि आपण त्याला रोज फडक्याने पुसतोय, असं सरांना वाटून गेलं.

“गाडी तिकडे कशाला लावता?” बायकोने विचारलं.

“तिकडे सावली आहे.”

“आपल्या दारात ऊन कधी आलंय? कपडे वाळत नाहीत म्हणून मी रडतेय.”

“रंग उडतो,” सर म्हणाले, आणि ‘रंग’ म्हटल्याबरोबर उठून बाहेर गेले.

शिकवणीत वेगळीच तऱ्हा. सध्या एक निवृत्त बँक मॅनेजर शिकायला येत. काकांनी गाडी सुरू केली की सर ब्रेक दाबत. वळायला घेतली की दाबत. गाडी उचकी लागल्यासारखी चाले.

“सर, तुम्ही ब्रेक कशाला मारताय?”

“समोर बघा.”

“समोर कबूतर आहे.”

“तेच म्हणतोय.”

“ते भिंतीवर आहे हो!”

काकांनी घरी जाऊन पेजवर दोन तारे दिले आणि लिहिलं : ‘सर सज्जन आहेत, पण घाबरतात. घाबरायला मला घरून बरोबर बायको नेता आली असती.’ धाकटी फोनवर कळवळली. दोन तारे! ती काकांवर चिडली होती. सरांना मात्र काका एकटेच खरं बोलणारे वाटले, आणि म्हणूनच त्यांची सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

एकदा शिकवणी संपल्यावर सर उभ्या गाडीत, इंजिन बंद करून, चालकाच्या सीटवर बसले. स्वतःलाच म्हणाले, “ब्रेक!” पाय उजवीकडे गेला. पुन्हा म्हणाले. पुन्हा उजवीकडे. मधल्या पेडलचा पायाला पत्ताच नव्हता. इतके दिवस त्यांना भीती होती ती कुणी बघितल्याची. ही दुसरीच होती, आणि ही कुणाच्या फोनमध्ये नव्हती.

रात्रीचं जेवण वाढताना बायको सहज बोलली, “त्या औषधवाल्या बाईंचं वाईट झालं बाई. नवऱ्याने गाडीची किल्ली काढून घेतलीय. म्हणतो, तुला जमत नाही ते जगाने बघितलंय. आईला उपचाराला न्यायचं असतं तिला, आता टॅक्सीसाठी ताटकळतात दोघी. मी आज गोळ्या आणायला गेले तर मान वर करत नव्हती.” मग थांबून म्हणाली, “जेवा ना. हात का थांबला?”

“पोट बरं नाही.”

“मग तिथूनच काहीतरी आणायला हवं होतं.”

सर उठून हात धुवायला गेले आणि नळ उगाच चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळीला बसले होते. डोक्याला साबण, डोळे मिटलेले. बाहेर एका गाडीचा आवाज आला. सरांनी बावीस वर्षं त्या इंजिनाचा आवाज ऐकला होता. झोपेतही ओळखला असता. तो दाराशी आला आणि थांबला.

“अगं, गाडी कुणी आणली?” ते आतून ओरडले.

“धाकटीने,” बायको म्हणाली. “तिकडचे लोक बोलायला लागले, त्यांच्या फाटकासमोर आहे म्हणे. मी किल्ली दिली तिला. तुम्ही करा सावकाश.”

सर तसेच टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कानात साबण होता. धाकटी सोफ्यावर बसली होती, हातात फोन, आणि एरवी तिचं तोंड क्षणभर बंद नसे, ते बंद होतं. बायको स्वयंपाकघरात गेल्याची तिने मान वळवून खात्री केली.

“भाऊजी, हे तुम्ही आहात.”

सर टॉवेलचं टोक घट्ट धरून उभे राहिले.

“अहो, आणि मी काय काय लिहिलं तुमच्या नावाने! स्टिअरिंगला हात लावू नये, काय न् काय.” तिचा आवाज बारीक झाला. धाकटी घाबरलेली सरांनी पहिल्यांदाच बघितली. “ऐका. मी उडवते हे. एका बोटाचं काम. कुणाला कळायचं नाही.”

“उडव,” सर म्हणाले. लगेच म्हणाले. त्यांच्याबद्दल कुणी चार चांगले शब्द बोलणार असेल तर हेही धरून बोलावं.

धाकटीचं बोट घाईत खाली आलं. पुसायच्या जागी न पडता ते भलतीकडे पडलं आणि तुकडा पुन्हा चालू झाला. आधी इंजिनाची किंकाळी, मग काच. मग सरांचाच आवाज, चिरका, अनोळखी : “कोणी सांगितलं होतं दाबायला? अक्कल आहे का?”

“काय गं, कोण ओरडतंय?” आतून बायको.

“काही नाही ताई, जाहिरात!” धाकटी म्हणाली आणि फोन छातीशी धरला.

सर उजवीकडच्या त्या काचेबद्दल विचार करत होते. धैर्य वगैरे काही नव्हतं ते; भीतीनेच भीतीशी बेरीज-वजाबाकी केली. फोनमधलं पुसता येईल. पायातलं कसं पुसायचं? या खेपेला समोर खोकं होतं, रिकामं. आणि समोर दुसरं काही आलं, तर त्या दिवशीही उजवीकडे वळून कुणालातरी अक्कल विचारायची का?

“थांब,” ते म्हणाले. “उडवू नकोस. मी जाऊन येतो.”

“कुठे? भाऊजी, डोक्याला साबण आहे!”

औषधांच्या दुकानात गर्दी होती. सर रांगेत उभे राहिले. पायी आले होते. मागच्या बाईने त्यांना ओळखलं, “शांतसर ना तुम्ही?” आणि ते कसंनुसं हसले, तेच दारावरचं हसू, दुसरं त्यांना येईना.

नंबर आला. बाईंनी वर बघितलं आणि चेहऱ्याची पाटी कोरी केली. चष्मा दोरीला लटकत होता, तो डोळ्यांवर चढवला. “काय देऊ?”

सरांचं तोंड उघडलं. “पोटासाठी काहीतरी द्या.”

बाईंनी गोळ्यांची पट्टी ठेवली. सरांनी ती घेतली, बाहेर आले, पायरीवर उभे राहिले. तिथून बोळातून मागचं ते पार्किंग दिसत होतं. राखाडी गाडी नव्हती तिथे. ते परत आत गेले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहिले.

“आता काय?” बाई म्हणाल्या.

“तुमची गाडी मी ठोकली.”

मागे कुणीतरी पिशवी चुरगळली, तिचा आवाज मोठा झाला. बाईंनी हातातलं औषध खाली ठेवलं.

“काय म्हणालात?”

“मी ठोकली. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. थांबलो नाही. कार्ड ठेवणार होतो, ठेवलं नाही.”

“आणि वर लिहिलंत ते, हिंमत नाही त्याने वगैरे?”

“ते धाकटी...” सरांनी वाक्य गिळलं. “माझ्याच नावाने आहे.”

बाई काउंटरवर पुढे झुकल्या. “कॅमेऱ्यात आलंय?”

“आलंय.”

“आवाजासकट?”

“हो. मी ओरडलोय त्यात. रिकाम्या गाडीत.”

“मग टाका.” त्यांची मान आता वर होती. “दिव्याचं, पत्र्याचं नंतर बघू. आधी ते टाका. माझं टाकलं होतं तस्सं. ते लोळणारं तोंड, तो टुंग. फक्त चेहरा पुसट करायचा नाही. माझ्या नवऱ्याला लांबून दिसायला हवा.”

सरांनी फोन लावला. धाकटी पलीकडून इतकं बोलली की काउंटरपर्यंत ऐकू आलं. पेज संपेल, भाऊजी. गाडीवरून चेहरा खरवडावा लागेल. शिकाऊ येणार नाहीत. ताईला काय सांगू? निदान माफीचा व्हिडिओ तरी नीट बसून करू, प्रकाश बघू, शर्ट बघू...

“टाक,” सर म्हणाले. “टुंगसकट.”

फोन काउंटरवर ठेवून ते उभे राहिले. रांगेतलं कुणीच हललं नाही. थोड्या वेळाने फोन थरथरला. मग पुन्हा. मग त्याला कापरंच भरलं, काचेवर तो आपोआप सरकू लागला, आणि त्याच वेळी मागे रांगेत कुणाच्यातरी खिशातून ‘टुंग’ ऐकू आलं.

सरांनी फोन पालथा घातला.

बाईंनी तो सुलटा केला आणि चष्मा नीट बसवला. “‘बावीस वर्षं लपवून ठेवलं होतं का?’” त्या वाचू लागल्या. “‘अक्कल आहे का, सर?’ ‘माझी मुलगी याच्याकडे शिकते, आजपासून बंद.’ पुढचं वाचू?”

“नको,” सर म्हणाले.

“मलाही इथेच उभं करून वाचून दाखवलं होतं लोकांनी. गिऱ्हाइकं होती, निघून जाता येत नव्हतं.” त्यांनी पान वर सरकवलं. “ऐका.”

सरांनी दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली. बाई वाचत होत्या, एकेक, सावकाश, औषध कसं घ्यायचं ते सांगताना वाचतात तसं. खाली सरांचा उजवा पाय फरशीवर रुतला होता, टाच उचललेली, चवडा जोर लावून दाबलेला. ते दाबत होते, आणखी दाबत होते, आणि काहीही थांबत नव्हतं.